घोट्यांना कान नसतात

आम्ही चौघं ज्या गॅरेजमध्ये सराव करायचो, त्याच्या फरशीवर पावसाळ्यात पाणी यायचं. एका जुलैमध्ये ते नेमकं माझ्या कोपऱ्यात साचलं, म्हणून मी माझा अ‍ॅम्प उचलून तिथल्याच एका लोखंडी टेबलावर ठेवला. गिटार जोडली, पहिला कॉर्ड वाजवला आणि अ‍ॅम्प बिघडला असं मला वाटलं. टाचणीने टोचावं तसा कर्कश, पातळ आवाज थेट कानात आला. केबल तपासली, गिटार बदलून पाहिली. बिघाड कशातच नव्हता. ट्रेबलचं बटण आठवर होतं, ते गेली सहा वर्षं आठवरच होतं. फक्त अ‍ॅम्पचं तोंड पहिल्यांदाच माझ्या पोटऱ्यांऐवजी माझ्या चेहऱ्याकडे झालं होतं.

बेसवाला हसून म्हणाला, "आम्ही रोज हेच ऐकतो."

गिटार वाजवणाऱ्यांमध्ये ही गोष्ट नवी नाही. 'घोट्यांना कान नसतात' हे वाक्य बहुतेकांनी कधी ना कधी ऐकलेलं असतं. मीही ऐकलं होतं, पण ते आपल्याला लागू आहे असं वाटलं नव्हतं. त्या दिवसापासून माझा अ‍ॅम्प उंचावर आहे. मात्र, आवाज सुधारण्याची एक युक्ती म्हणून ही गोष्ट माझ्या मनात राहिली नाही. तिच्यामागे एक वेगळाच प्रश्न लागून आला: जे मला ऐकूच येत नव्हतं, त्याची जबाबदारी माझी होती का?

आधी नेमकं काय घडतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. गिटारच्या अ‍ॅम्पमध्ये साधारणपणे 12 इंची, म्हणजे सुमारे 30 सेंटिमीटर व्यासाचा स्पीकर असतो. ज्या ध्वनीची तरंगलांबी या व्यासापेक्षा बरीच मोठी असते, तो ध्वनी उघड्या दिव्याच्या उजेडासारखा चहूकडे पसरतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 343 मीटर असतो, त्यामुळे 1100 हर्ट्‌झच्या आसपास तरंगलांबी स्पीकरच्या व्यासाएवढी होते. तिथून वर जावं तसतसा ध्वनी बॅटरीच्या झोतासारखा अरुंद होत जातो आणि सरळ समोर जातो. गिटारचा जो भाग टोचतो तो बराचसा दोन ते पाच हजार हर्ट्‌झमध्ये असतो, म्हणजे पूर्णपणे झोताच्या प्रदेशात.

आता अ‍ॅम्प जमिनीवर ठेवा. स्पीकरचं केंद्र जमिनीपासून साधारण 25 सेंटिमीटरवर येतं. मी दीड मीटर अंतरावर उभा आहे आणि माझे कान 1.6 मीटर उंचीवर आहेत. म्हणजे झोताच्या सरळ रेषेपासून मी सुमारे 42 अंश वर आहे. माझ्यापर्यंत येतो तो मऊ, गोल आवाज, ज्याच्यातली धार बाजूने निघून गेली आहे. याउलट सहा मीटरवर खुर्चीत बसलेल्या माणसाचे कान 1.1 मीटरवर असतात. तो त्या रेषेपासून जेमतेम आठ अंशांवर असतो, म्हणजे जवळजवळ झोतातच. मला धार ऐकू येत नाही, म्हणून मी ट्रेबल वाढवतो. तरी पुरेसं वाटत नाही, म्हणून व्हॉल्यूम वाढवतो. माझ्या कानाला जेव्हा सगळं 'बरोबर' लागतं, तेव्हा समोरच्याच्या कानात सुई गेलेली असते.

यात कुणाचाही वाईट हेतू नाही. यंत्र नीट चाललं आहे, माझे कान ठणठणीत आहेत, मी प्रामाणिकपणे आवाज सुधारतो आहे. आणि प्रत्येक सुधारणेगणिक दुसऱ्याचं नुकसान वाढतं आहे.

आमच्या बँडमध्ये एक गायिका होती. गॅरेज लांबट होतं, त्यामुळे ती माझ्या अ‍ॅम्पच्या समोर, थोडी डावीकडे, उंच स्टुलावर बसून गायची. "तुझी गिटार टोचते रे," असं ती मला अनेकदा म्हणाली होती. दर वेळी मी दोन पावलं मागे सरकून, कान देऊन ऐकायचो आणि म्हणायचो, "मला तर व्यवस्थित वाटतंय." ते खरंही होतं. मला व्यवस्थितच वाटत होतं. टेबलाच्या त्या घटनेच्या साधारण वर्षभर आधी तिने बँड सोडला. नोकरीचं कारण सांगितलं. पुढे कधीतरी दुसऱ्या कुणाकडून कळलं की, तिच्या डाव्या कानात सतत बारीक शिट्टीसारखा आवाज येतो.

तो माझ्यामुळेच येतो, असं मी म्हणू शकत नाही. त्याच खोलीत ड्रम होते, झांजा होत्या, ती इअरफोन लावून लोकलने फिरायची. कानाचं नुकसान हे एका प्रसंगाचं नसतं, साठत गेलेलं असतं. अमेरिकेतल्या 'नायोश' या व्यावसायिक आरोग्य संस्थेचं मोजमाप असं आहे: 85 डेसिबलला दिवसाचे आठ तास, आणि पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं मिळतात. आमचा सराव तीन तास चालायचा. त्या तीन तासांत माझा वाटा किती आणि झांजांचा किती, हे आता कुणालाही वेगळं काढता येणार नाही. पण वाटा ठरत नाही याचा अर्थ वाटा नव्हता, असा होत नाही.

'मला माहीत नव्हतं' ही सबब किती चालते, यावर अ‍ॅरिस्टॉटलने 'निकोमाखियन एथिक्स'च्या तिसऱ्या भागात विचार केला आहे. अज्ञानातून झालेलं कृत्य माणसाने स्वेच्छेने केलेलं नसतं, हे तो मान्य करतो. पण पुढे तो एक फट दाखवतो. ते अज्ञानच जर माणसाच्या हातात असेल, म्हणजे कळून घेणं त्याला शक्य होतं आणि निष्काळजीपणे त्याने ते केलं नाही, तर सबब चालत नाही. त्याचं एक उदाहरण दारू प्यायलेल्या माणसाचं आहे. कृत्याच्या वेळी त्याला कळत नव्हतं हे खरं, पण न कळण्याच्या अवस्थेत तो स्वतःच्या पायांनी गेला होता.

या कसोटीवर मी स्वतःला घासून पाहतो. मला कळून घ्यायला काय लागलं असतं? एक लांब केबल आणि चार पावलं. वाजवत वाजवत तिच्या स्टुलापर्यंत जाऊन बसायचं, एवढंच. सहा वर्षांत मी ते एकदाही केलं नाही. मी मागे सरकलो, बाजूला सरकलो, पण ज्या जागेवरून तक्रार येत होती तिथे गेलो नाही. आणि तक्रार तर येत होती. म्हणजे मला दोन मार्गांनी कळू शकत होतं: जाऊन ऐकणं किंवा तिच्यावर विश्वास ठेवणं. मी दोन्ही मार्ग सोडून स्वतःच्या कानाला साक्षीदार केलं.

असं का केलं असेन? मला वाटतं, ऐकण्याविषयीची आपली समजूतच त्याला कारणीभूत आहे. पाहण्याच्या बाबतीत आपण जागेचं महत्त्व सहज मान्य करतो. भाषेनेच तशी सोय केली आहे, 'दृष्टिकोन' या शब्दात कोन आहे. खांबाआड बसलेल्याला रंगमंच दिसत नाही, यावर कुणी वाद घालत नाही. ऐकण्याला मात्र आपण कोन देत नाही. आवाज खोलीभर असतो, सगळ्यांना तोच ऐकू येतो, असं आपण धरून चालतो. मग कुणी 'टोचतं' म्हटलं की, ते त्या माणसाच्या स्वभावाचं वर्णन वाटतं: नाजूक आहे, रॉक कळत नाही, गायकांना नेहमी स्वतःचाच आवाज मोठा हवा असतो. हे सगळं मी मनात म्हटलेलं आहे. ती तिच्या जागेबद्दल सांगत होती आणि मी ते तिच्याबद्दल म्हणून ऐकत होतो.

त्यात बँडची एक जुनी खोड मिसळते. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवून बोलतो, हे एत्येन लोंबार या फ्रेंच डॉक्टरने 1911 मध्ये मांडलं. ते आजही त्याच्याच नावाने ओळखलं जातं. सरावाच्या खोलीत तेच होतं. ड्रमर जोरात, म्हणून गिटार वर, म्हणून बेस वर, म्हणून ड्रमर आणखी जोरात. प्रत्येकाचं कारण रास्त असतं: 'मला मी ऐकू येत नाही.' जिच्याकडे बटण नसतं ती गायिका. तिचा गळा हाच तिचा अ‍ॅम्प, आणि त्याला वरची मर्यादा आहे.

रॉक संगीताच्या इतिहासात ही गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसते. 15 ऑगस्ट 1965 ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स सुमारे 55 हजार लोकांपुढे वाजले. त्यांच्यासाठी व्हॉक्स कंपनीने 100 वॉटचे अ‍ॅम्प दिले होते. तरीही लोकांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचं वाजवणं धड ऐकू येत नव्हतं, कारण वादकाच्या दिशेने आवाज फेकणारे मॉनिटर स्पीकर तेव्हा त्यांच्याकडे नव्हते. त्याच सुमारास लंडनमध्ये 'द हू'च्या पीट टाउनशेंडला आणखी मोठा आवाज हवा होता. जिम मार्शलने त्याच्यासाठी आठ स्पीकरांची एकच प्रचंड पेटी केली. ती उचलणं अशक्यप्राय होतं, म्हणून तिच्याऐवजी दोन पेट्या करून एकावर एक ठेवण्यात आल्या. आज ज्याला 'मार्शल स्टॅक' म्हणतात तो असा जन्मला. त्याची उंची माणसाएवढी झाली आणि वरचे स्पीकर थेट कानाच्या पातळीला आले. फेंडरने ट्विन रिव्हर्बला दोन्ही बाजूंनी धातूचे पाय दिले. ते टेकवले की अ‍ॅम्प मागे कलून वर पाहतो. घोट्याचा प्रश्न तेव्हाच लोकांना कळलेला होता.

पण मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो तो 1974 चा ग्रेटफुल डेडचा प्रयोग. आउस्ली स्टॅन्ली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'वॉल ऑफ साउंड' नावाची शेकडो स्पीकरांची भिंत उभी केली आणि ती वादकांच्या पुढे नव्हे, तर मागे ठेवली. वेगळे मॉनिटर नव्हते. जी भिंत श्रोत्यांना ऐकवत होती, तीच वादकांनाही ऐकवत होती. मागचा आवाज मायक्रोफोनमध्ये शिरून शिट्टी वाजू नये म्हणून प्रत्येक गायकाला दोन माइक दिले होते, एकमेकांच्या उलट जोडलेले. गायक एकातच गायचा, त्यामुळे दोन्हीत सारखाच येणारा भिंतीचा आवाज एकमेकाला खोडून काढायचा. ही यंत्रणा वाहून नेणं आणि उभारणं इतकं महाग पडलं की वर्ष संपता संपता ती मोडीत निघाली. तरी तिच्यात एक कल्पना होती जी मला अभियांत्रिकीपेक्षा नीतीच्या जवळची वाटते: जो आवाज करतो त्याने त्या आवाजासमोर उभं राहावं.

याच्या उलट चित्र आपण दर गणेशोत्सवात पाहतो. ट्रकवर स्पीकरांची भिंत, जिला आपण सरसकट 'डॉल्बी' म्हणतो, आणि तिची बटणं ज्याच्या हातात तो भिंतीच्या मागे. समोर रस्ता, खिडक्या, गॅलरीत टेकून उभी असलेली म्हातारी माणसं. त्या मुलाला मी दोष देऊ शकत नाही. मीही एक छोटी भिंत घेऊन सहा वर्षं तिच्या मागेच उभा होतो.

मात्र, 'स्वतःच्या आवाजासमोर उभं राहा म्हणजे माणूस सुधारेल' असा सोपा नियम होत नाही. टाउनशेंड स्वतःच्या स्टॅकसमोरच उभा होता. पुढे त्याने आपल्या श्रवणदोषाविषयी जाहीरपणे बोलून दाखवलं. झळ स्वतःला बसली तरी माणूस बटण खाली करतोच असं नाही, कधी कधी तो झळेलाच मर्दुमकी समजतो. आणि आजच्या मंचावर याच्या अगदी विरुद्ध सोय आली आहे. प्रत्येक वादकाच्या कानात इअर मॉनिटर असतो आणि त्यात त्याला हवं ते मिश्रण: माझी गिटार जास्त, ड्रम कमी. कानांसाठी हे अधिक सुरक्षित ठरू शकतं, मंचावरचा आवाजही कमी होतो. पण पाच वादक पाच वेगवेगळी गाणी ऐकत असतात आणि श्रोते सहावं. समोर काय जातं आहे ते फक्त ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याला माहीत असतं. तिथे विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नाही, आणि बहुधा म्हणूनच चांगले वादक आपल्या साउंडवाल्याशी भांडत नाहीत.

आमच्या बेसवाल्याची गोष्ट वेगळी आहे, आणि तिने माझ्या टेबलाबद्दलच्या उत्साहाला आवर घातला. तो दुसऱ्या मजल्यावर राहतो, घरी वाजवतो. खालच्या काकांची तक्रार आल्यावर त्याने अ‍ॅम्पखाली जाड फोम घातला आणि तो एका मजबूत स्टुलावर चढवला. आठवड्याने विचारलं तेव्हा काका म्हणाले, "मांडणीतली भांडी वाजायची थांबली. पण ते छातीत धडधडतं ना, ते तसंच आहे हो."

काकांचं निदान अचूक होतं. अ‍ॅम्पची पेटी फरशीला थेट टेकलेली असते तेव्हा तिची थरथर स्लॅबमध्ये उतरते, ती फोमने आणि उंचीने काही प्रमाणात तुटते. पण बेसच्या सर्वांत जाड तारेचा मूळ स्वर सुमारे 41 हर्ट्‌झ आहे आणि त्याची तरंगलांबी आठ मीटरहून जास्त. आठ मीटरच्या लाटेला अर्ध्या मीटरचं स्टूल म्हणजे काहीच नाही. ती हवेतूनच स्लॅबला ढकलते आणि खाली पोचते. उंचीने तिच्यात फरक पडत नाही, फरक पडतो तो मधल्या स्वरांत. स्पीकर 60 सेंटिमीटरवर नेला तर चार मीटरवर उभ्या असलेल्या माणसाकडे थेट येणारा आणि फरशीवरून उसळून येणारा ध्वनी साधारण 390 हर्ट्‌झला एकमेकांना मारतात, तर जमिनीवर ठेवल्यास ती खाच 900 हर्ट्‌झच्या वर जाते. म्हणून काहींना उंचावरचा बेस स्वच्छ वाटतो आणि काहींना पोकळ. दोघंही खरं बोलत असतात, फक्त आपापल्या जागेवरून.

कायदाही इथे पूर्ण मदतीला येत नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल अशी मर्यादा आहे. ती ज्या 'ए' मापाने मोजतात, त्यात 40 हर्ट्‌झच्या ध्वनीला सुमारे 35 डेसिबल सूट मिळते, कारण माणसाचा कान खर्जाला मंद असतो असं गृहीत आहे. कान मंद असेलही, छाती नसते. काकांकडे मीटर घेऊन गेलो असतो तर कदाचित आमचा बेसवाला निर्दोष सुटला असता. तो गेला नाही, त्याने संध्याकाळी आठनंतर हेडफोन लावायला सुरुवात केली.

म्हणजे काही चुका जागा बदलून सुधारतात आणि काहींना बटणच खाली करावं लागतं. पहिल्या प्रकारात आपल्याला काही गमवावं लागत नाही, उलट आवाज चांगला होतो, म्हणून आपण सगळेच प्रश्न त्या प्रकारात बसवू पाहतो. स्टूल विकत घेतलं की शेजाऱ्याचं देणं फिटलं असं वाटतं.

एक गोष्ट वादकाच्या बाजूनेही सांगायला हवी. टेबलानंतर काही महिने माझं वाजवणं बिघडलं होतं. खरा आवाज कानावर येऊ लागला आणि हात आखडले. प्रत्येक चुकीची तार, प्रत्येक अर्धवट दाबलेला सूर समोर येऊन उभा राहायचा. जमिनीवरचा तो मऊ, ऊबदार आवाज खोटा होता, पण त्याच्या आधारावर मी बिनधास्त वाजवत होतो. स्वतःला बरं ऐकू येणं ही केवळ चैन नाही, तिच्याशिवाय कलाकाराचा हात सुटत नाही. माझा हात पुन्हा सुटायला जवळजवळ वर्ष गेलं. ट्रेबल आता चारवर असतं. व्हॉल्यूम पूर्वीच्या निम्म्यावर आहे आणि मला मी पूर्वीपेक्षा स्पष्ट ऐकू येतो.

तरीही महिन्यातून एकदा लांब केबल लावून मी खोलीभर फिरतो. कारण टेबलावरचा अ‍ॅम्प मला फक्त माझ्या दिशेला काय जातं तेवढंच सांगतो. सगळं ऐकू येईल अशी एक जागा कुठल्याच खोलीत नसते.

गेल्या वर्षी तिला फोन केला. टेबलाची गोष्ट सांगितली, 42 अंशांचा हिशेबही सांगितला. मग म्हटलं, "तुझ्या कानाचं कळलं. त्यात माझा हात असेल, तर सॉरी." ती थोडा वेळ गप्प होती.

"हिशेब कशाला केलास?" ती म्हणाली. "मी सांगत होतेच की."

मग तिने विचारलं, सध्या कोण गातं. मी सांगितलं की, नवीन मुलगी आली आहे. "तिला कुठे बसवता?" तिने विचारलं. मी सांगितलं, अ‍ॅम्पच्या बाजूला, समोर नाही. "बरं," ती म्हणाली, आणि आम्ही दुसऱ्या विषयावर गेलो.